पांढरी दोन

“खर्जकाकांना फोन करून सांग, पुढच्या तालमीपासून येऊ नका म्हणावं,” अप्पा म्हणाले आणि पिआनोचं झाकण मिटून रुमालाने हात पुसत बसले, जणू हातांनाच काही लागलं होतं.

छोटी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. तिचा हात थांबला. झोपेच्या काठावर आलेल्या बाळाने लगेच कुरकुर केली.

“मी सांगू?”

“मग कोण? गायनवृंदाची निरोपानिरोपी आधी तुझी आई करायची, आता तू करतेस.”

“अप्पा, ते तुमच्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत.”

“म्हणूनच मला सांगवत नाही,” अप्पा म्हणाले. “कार्यक्रम तोंडावर आलाय. शेवटचा सूर हवेत विरून जातो आहे. तिथे नुसता श्वास ऐकू येतो. तुझ्या आईसाठी गायचं आणि शेवटी नुसता श्वास?”

एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले. छोटी तिथेच उभी राहिली. खर्जकाकांचा सूर का लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तो तिनेच घालवला होता.

अप्पांचा कान हा त्यांच्या ओळखीच्या सगळ्या माणसांत चेष्टेचा आणि दराऱ्याचा विषय होता. कुठलाही आवाज कानावर पडला की त्याची जागा ते सांगून मोकळे. पेटीवाले म्हणतात तसं काळी एक, पांढरी चार असं. चमचा पडला, पांढरी सहा. लिफ्टची घंटा वाजली, पांढरी पाच. जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांना शिंक आली, आणि नाव-गाव विचारायच्या आधी अप्पांनी शिंकेची पट्टी सांगून त्यांना गार केलं होतं. जावई अजूनही सासऱ्यांसमोर शिंक दाबतात.

पण अप्पांच्या लेखी ही गंमत नव्हती. गाणं कुठल्या पट्टीत बांधलंय यावर त्याचा स्वभाव ठरतो, असं ते मानत, आणि मानत म्हणजे एखाद्याने आग चटका देते असं मानावं तसं. त्यांचा वृंद ज्यासाठी ओळखला जाई ते शांतिगीत पांढरी दोनमध्ये होतं, कोमल गंधाराचं. कुणा जुन्या संगीतकाराने गेलेल्या माणसांसाठी केलेलं, साथीला एकही वाद्य नसलेलं, नुसत्या गळ्यांचं गाणं. नव्या गायकांना अप्पा सांगायचे, “हेच गाणं एक घर वर, काळी दोनमध्ये नेलंत, तर ती बातमी नुकतीच कळलेली बाई आहे. तिला अजून खरं वाटत नाहीये. एक घर खाली, काळी एकमध्ये आणलंत, तर ती दार लावून रडते आहे. आणि पांढरी दोन म्हणजे रडून झाल्यावर तोंड धुऊन बाहेर आलेली बाई. आता ती आल्यागेल्याला बसा म्हणणार आहे. आपल्याला ही बाई हवी. बाकीच्या दोघींना त्रास द्यायचा नाही.”

वरच्या आवाजांच्या रांगेत एक दंतवैद्यीणबाई होत्या. सर्दी झाली की त्या हमखास म्हणायच्या, “मास्तर, आजच्यापुरतं अर्धा सूर खाली घेऊ या ना. अर्धाच. कुणाला कळणारे?”

“मला,” अप्पा म्हणायचे. “तुम्ही दुखऱ्या दाताऐवजी शेजारचा काढता का हो? फरक तेवढाच असतो.”

सगळे हसायचे आणि पट्टी तिथेच राहायची.

आई गेली आणि नंतर काही महिन्यांत हे सुरू झालं. एक दिवस लिफ्टमधून उतरताना अप्पा म्हणाले, “ही घंटा बदलली का गं? काळी चार वाजते आहे.” छोटीने नेहमीसारखं हं केलं. मग पिआनोची पाळी आली. तारा चढवून ठेवल्यात म्हणून त्यांनी पिआनो जुळवणाऱ्या काकांना बोलावून सगळ्यांसमक्ष झापलं. ते बिचारे आपला नादकाटा पुन्हा पुन्हा गुडघ्यावर आपटून कानाला लावत राहिले. “मास्तर, बरोबर आहे हो,” एवढंच म्हणाले. अप्पांनी त्यांना दार दाखवलं. दुसरा माणूस आणला, तोही तेच म्हणाला. मग अप्पांनी पिआनोचं झाकण लावलं ते लावलंच. तालमी बंद पडल्या. जेवायला बसले की दोन घासांत उठायचे. “सगळं परकं झालंय,” म्हणायचे. “कुठली पट्टी ओळखीची राहिली नाही. माणसांनी चेहरे बदलल्यासारखं वाटतं.”

छोटीला वाटलं, आईचं दुःख असेल. छोटीला तेव्हा कशाचीही भीती वाटायची. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना बघायची, आणि ते पाहून झालं की अप्पांच्या दाराशी उभं राहून त्यांचा ऐकायची. नवरा म्हणायचा, “दोन पाळ्यांत पहारा आहे, पगार मागून घे.”

कळलं ते भलत्याच ठिकाणी. बाळाच्या कानांची तपासणी होती. बाळाचे कान ठणठणीत निघाले. ते कळल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की जाता जाता तिने कानाच्या डॉक्टरीणबाईंना वडिलांचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“त्यांना सूर नावानिशी ओळखता येतात का? आणि आता सगळे थोडे वरचे वाटतात?”

“हो. अर्ध्या सुराने.”

“वयाने होतं असं. कान ताठरतो म्हणा. नक्की का, ते आम्हालाही छातीठोक सांगता येत नाही. तुमच्या-माझ्यासारख्याला पत्ताही लागत नाही, कारण आपल्याला मुळात कुठला सूर कुठला ते कळतच नाही. ज्यांना कळतं त्यांनाच हा भोग.”

“औषध?”

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग सांगून टाक त्यांना.” सांगणं सोपं होतं. पण आई गेली होती, पिआनो मिटला होता, आणि अप्पांकडे स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच उरलं होतं, की त्यांचा कान चुकत नाही. तेही काढून घ्यायचं आणि मग त्यांना जेवायला वाढायचं, हे तिच्याने होईना.

ती जुळवणीवाल्या काकांच्या दुकानात गेली. लांबट खोली, दोन्ही बाजूंना उघडेवाघडे पिआनो, मधून वाट काढत जायचं. काकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“म्हणजे अख्खा पिआनो अर्ध्या सुराने उतरवू? ताई, तारा सैलावतात, आवाज मऊ पडतो. एका बैठकीत बसायचा नाही, दोन-तीनदा यावं लागेल. आणि कळलं तर माझी साल काढतील ते.”

“नाही कळणार,” छोटी म्हणाली. “त्यांनाच तर नाही कळणार.”

बोलल्यावर तिचे तिलाच ते शब्द ऐकवेनात.

काका आले. तुमचंच बरोबर होतं मास्तर, तारा चढल्या होत्या, म्हणाले. दोन-तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला अप्पा बाकावर बसले, पांढरी दोनवर बोटं ठेवली, आणि कोमल गंधार घेऊन तिन्ही सूर एकदम दाबले. किती तरी वेळ बोटं उचललीच नाहीत.

“आली,” म्हणाले. “घरी आली.”

त्या दिवशी ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः एकेकाला फोन करून वृंद गोळा केला. छोटी आईच्या जागी, मधल्या आवाजांच्या रांगेत उभी राहिली. वृंद अर्धा सूर खाली गाऊ लागला आणि खरोखरच कुणाला कळलं नाही. दंतवैद्यीणबाई तर म्हणाल्या, “यंदा गळा कसा मोकळा सुटतोय!”

तिने सगळ्यांचा विचार केला होता, फक्त तळाचा करायचा राहिला होता. शांतिगीताच्या शेवटी एकेक आवाज थांबत जातो आणि एकट्या खर्जकाकांचा खालचा सा उरतो. पांढरी दोनचा तो सा हा त्यांच्या गळ्याचा तळ होता. त्याखाली त्यांना पायरी नव्हती. तिथून अर्धा सूर खाली नेल्यावर त्यांच्या तोंडून नुसती हवा येऊ लागली.

“पुन्हा,” अप्पा म्हणायचे. पुन्हा हवा. बाजूचे तरुण गायक हातातल्या कागदात डोकं घालायचे.

आजही तसंच झालं होतं. तालीम संपल्यावर सगळे पांगले, खर्जकाका तेवढे बाहेरच्या अरुंद वाटेत बुटांच्या नाड्या बांधत रेंगाळले होते. छापखान्यात यंत्रावर आयुष्य काढलेला, दारात मावत नाही असा माणूस, आणि नाडी त्यांच्या बोटांना सापडत नव्हती.

“आधी वाटलं, थंडी आहे,” ते छोटीला म्हणाले. “मग थंडी गेली. वाफ घेतली, गरम पाणी झालं. घशाचा डॉक्टर म्हणतो, घसा घोड्यासारखा आहे. आमची ही म्हणते, आवाज गेला ते बरंच झालं, शेजारीपाजारी झोपतील.”

ते हसले. छोटीनेही हसल्यासारखं केलं.

“यंत्रापाशी काय ऐकू येतंय? दिवसभर बोललेलं वायाच जायचं. इथे येऊन तेवढा एक सूर लावायचा. वरचं सगळं तुम्हा लोकांचं. मला आपला तेवढा एकच येत होता, पोरी.” त्यांनी नाडी बांधली आणि भिंतीला धरून उठले. “मास्तरांना म्हणावं, तुमच्या मनात काय असेल ते करा. वहिनींचा कार्यक्रम आहे. माझ्यापायी बिघडू नये.”

दार लागलं, आणि मग अप्पांनी तो फोन करायला सांगितला होता.

छोटीने बाळाला पाळण्यात ठेवलं. फोन हातात घेतला, ठेवला. बाळाचा श्वास पाहिला. मग आतल्या खोलीत गेली. अप्पा खिडकीपाशी खुर्चीत चहाचा कप घेऊन बसले होते.

“अप्पा, काकांचा सूर गेलेला नाही. आपण खाली गातोय.”

“काय?”

“अर्धा सूर खाली. पिआनो उतरवून घेतलाय. मी घ्यायला लावला.”

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं ते एखादा बेसूर आला की पाहायचे तसं, कुठून आला ते शोधत. मग ती थांबलीच नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, जुळवणीवाले काका कसे नको म्हणत होते, सगळं एका दमात ओतून मोकळी झाली. बोलताना दाराची कडी उगाच वर-खाली करत होती. अप्पांच्या हातातल्या कपावर साय धरली.

“म्हणजे लिफ्टची घंटा बदललेली नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही.”

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“मला. जुळवणीवाल्या काकांना. आणि… ह्यांना.”

“जावयालाही. म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना.”

“बाळाला नाही,” छोटी काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेली. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

“मला विचारायचंस.”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“हो. म्हणालो असतो.” अप्पा मान हलवत राहिले. “आणि पिआनो बंद राहिला असता. आणि त्या माणसाला दर तालमीला चार लोकांत तोंड उघडून हवा सोडायला लावलं नसतं मी. एका बाईला सर्दीपायी अर्धा सूर दिला नाही, आणि इथे…” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

ते उठून पिआनोपाशी गेले. झाकण उघडलं. तेच तीन सूर एकत्र दाबले.

“ही कुठली?”

“काळी एक,” छोटी अगदी हळू म्हणाली.

“मला पांढरी दोन ऐकू येते आहे. अगदी स्वच्छ.” त्यांनी बोटं तशीच दाबून धरली. “त्या दिवशी मी घरी आली म्हणालो, तेव्हा तू इथेच उभी होतीस.”

“हो.”

“ती दार लावून रडत होती, आणि मी तिला तोंड धुऊन आलेली समजलो.” सूर विझत विझत गेला. “आणि खरी पांढरी दोन वाजवली, तर मला काळी दोन ऐकू येणार. म्हणजे यापुढे मला ती बातमीच ऐकायची. दर वेळी. नव्याने.”

छोटीला रडू आलं. अप्पांनी तिची समजूत घातली नाही. लहानपणी ती पडली की आधी खरचटलंय का बघायचे, मग जवळ घ्यायचे. आज बघितलंही नाही. बराच वेळ पट्ट्यांवरची नसलेली धूळ पुसत राहिले. मग हात पुढे केला.

“फोन दे.”

“मी सांगते ना काकांना. माझी चूक—”

“दे म्हटलं ना.”

पलीकडून फोन उचलला गेला. “मी बोलतोय,” अप्पा म्हणाले. “नाही, निरोप नाही, मीच. ऐका. तुमचा घसा नाही. माझा कान आहे… कान हो, कान! … अहो, ओरडू नका, तेवढं ऐकू येतं मला.” मग त्यांचा आवाज उतरला. “तुमचा सूर जागेवर आहे. मी तो तुमच्या पायाखालून काढून खाली नेऊन ठेवला होता. कळून नाही केलं. पण केलं… हो. या. नक्की या.”

पलीकडे खर्जकाका काय म्हणाले ते छोटीला ऐकू आलं नाही. अप्पा नुसतं हं, हं करत होते. तिचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि पाळण्याच्या कडेवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.

जुळवणीवाले काका पुन्हा आले. उतरवलेल्या तारा चढवणं हे उतरवण्याहून अवघड. एक तार तुटून त्यांच्या मनगटावर बसली. अप्पांनी स्वतः पट्टी बांधली आणि त्यांची माफी मागितली. काका इतके गडबडले, की हत्यारांची पिशवी विसरून गेले.

तालमीला सगळे जमल्यावर अप्पांनी उभं राहून सांगून टाकलं. फार नाही, चार वाक्यं. माझा कान वरचं ऐकतो. पिआनो त्यासाठी उतरवला होता. आपण इतके दिवस खाली गात होतो. आता खाली गाणार नाही. दंतवैद्यीणबाईंना राहवलं नाही.

“म्हणजे मास्तर, मी इतके दिवस अर्धा सूर खाली गात होते?”

“हो. आणि एकदाही तक्रार केली नाहीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.”

खोली हसली. अप्पाही जरासे हसले. मग ते पिआनोकडे वळले. आजवर त्यांनी साथ नसलेल्या गाण्याचा सूर कधी वाद्यावर पाहिला नव्हता. डोळे मिटून नुसता गुणगुणून द्यायचे. आज त्यांनी पांढरी दोन दाबली, ऐकली, आणि त्यांचा चेहरा दारात अनोळखी माणूस उभा असल्यासारखा झाला. पण सूर दिला.

गाणं सुरू झालं. दोन ओळींवर अप्पांचा हात थांबला. “माफ करा,” म्हणाले. “मला हे गाणं माहीत नाही. पुन्हा घ्या.” पुन्हा सुरू झालं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. गाणाऱ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहत ते हात चालवत राहिले. कान जे सांगत होता ते ऐकून घेत होते आणि त्यावर विश्वास ठेवत नव्हते. छोटी आपली ओळ गात त्यांच्याकडे पाहत होती. त्यांच्या कानात आत्ता काय वाजतंय, हे तिला कधीच कळणार नव्हतं. तेच गाणं दोघांना एकाच खोलीत वेगळं ऐकू येत होतं.

शेवटची ओळ आली. वरचे आवाज थांबले, मग मधले, त्यात तिचाही. खर्जकाकांनी पाय थोडे फाकवले, मान खाली घातली.

सूर लागला. मोठा नव्हता. जमिनीखालून गाडी जावी तसा आधी पायांना कळला आणि मग कानांना. तरुण गायकांनी माना वर केल्या. अप्पा दोन पावलं चालत गेले आणि त्यांनी खर्जकाकांच्या पाठीवर तळवा ठेवला, ताप पाहतात तसा.

“धरा,” ते म्हणाले. “मी सांगेपर्यंत सोडू नका.”

काकांनी धरला. नेहमी जिथे हात खाली यायचा ती जागा आली आणि गेली. अप्पांनी हात काढला नाही. काकांचा चेहरा लाल होत गेला, श्वास सरत आला, सूर थरथरला आणि संपला, तरी तळवा पाठीवरच होता.

“मास्तर,” काकांनी धापा टाकत विचारलं, “होता का?”

“होता,” अप्पा म्हणाले. “चला. पहिल्यापासून.”

सगळ्यांनी कागद मागे उलटले.